पाणबुड्याच्या टाकीला बूट असावा की नसावा?

पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरण्याची हौस ज्यांना लागली, आणि मालवण, तारकर्ली किंवा गोव्याचे ग्रांड बेट येथे मिळणाऱ्या भाड्याच्या सामग्रीवर समाधान न मानता ज्यांनी स्वतःची टाकी विकत घेण्याचे मनावर घेतले, अशा मंडळींना एक प्रश्न हटकून पडतो. टाकीच्या तळाला रबराची किंवा प्लॅस्टिकची जी जाड टोपी बसवलेली असते, आणि जिला या व्यवसायात सरसकट ‘बूट’ म्हणतात, ती ठेवावी की काढून टाकावी? विक्रेता ठेवा म्हणतो, प्रशिक्षक काढा म्हणतो, आणि मुदतीच्या तपासणीसाठी टाकी नेली की तेथील कारागीर बूट उपटून खालचा गंज आपल्याच पुढ्यात धरतो. अशा त्रिविध सल्ल्यात सापडलेल्या माणसाचा गोंधळ उडाला तर त्यात नवल नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. टाकीचा तळ गोल असेल तर बूट लागतो. सपाट असेल तर तो सहसा लागत नाही. आणि तळ कसाही असो, जो बूट आपण वेळोवेळी काढून पाहणार नाही, तो बसवू नये. पुढील विवेचन हा निर्णय आपल्या टाकीस कसा लागू करावा एवढ्यापुरतेच आहे.

आधी तळ पाहावा

पोलादी टाकीचा तळ बहुधा घडणीतच अर्धगोलाकार येतो, कारण भिंत पातळ ठेवून मोठा दाब पेलायचा तर गोलाई हीच धातूला सर्वांत सोयीची आकृती होय. १९७० च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या बाजारात येईपर्यंत तेथील पाणबुड्यांची सारी भिस्त पोलादावर होती, आणि त्या टाक्यांना बुटावाचून उभे राहणे शक्यच नव्हते. बुटाचा जन्म या अडचणीतून झाला. पुढे अ‍ॅल्युमिनियम आले, त्याचा तळ सपाट आणि जाड असल्याने टाकी आपल्या पायांवर उभी राहू लागली. परंतु बुटाची चाल मात्र मागील पानावरून पुढे चालू राहिली, व आता तर तो नाना रंगांत मिळतो, त्यामुळे त्याची गरज नसलेल्यासही मोह होतो.

आपल्याकडील आणि एकूणच उष्ण कटिबंधातील केंद्रांवर आढळणारी टाकी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची ‘ऐंशी’ असते. तिची अंतर्गत धारणाशक्ती सुमारे ११.१ लिटर, कार्यदाब ३,००० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे २०७ बार, बाहेरील व्यास १८४ मिलिमीटर आणि रिकामे वजन १४ किलोंच्या आसपास. युरोपात मात्र १०, १२ आणि १५ लिटरच्या पोलादी टाक्यांचा प्रघात अधिक आहे. तेव्हा इंग्लंडात किंवा जर्मनीत स्थायिक झालेल्या व तेथेच हा छंद जोपासणाऱ्या आपल्या मंडळींच्या हाती पोलादी टाकी येण्याचाच संभव जास्त.

बूट आधीच बसवलेला असेल आणि धातू कोणता याविषयी संशय असेल, तर साधे लोहचुंबक टाकीला लावून पाहावे: पोलादाला ते चिकटेल, अ‍ॅल्युमिनियमला चिकटणार नाही. अमेरिकी बनावटीच्या टाकीच्या खांद्यावर कोरलेल्या मजकुरात ‘३एएल’ ही खूण अ‍ॅल्युमिनियमची व ‘३एए’ ही पोलादाची समजावी. मात्र धातू कळला म्हणजे तळ कळला असे नाही. काही पोलादी टाक्यांचा तळ आत वळवलेला असतो व त्या बुटाशिवायही उभ्या राहतात. म्हणून निर्णय करण्यापूर्वी एकदा तरी बूट काढून तळ डोळ्यांनी पाहिला पाहिजे.

बूट कोणती कामे करतो

- गोल तळाच्या टाकीला उभे राहण्यास आधार देतो.
- होडीचा फायबरचा तळ, पोहण्याच्या तलावाची फरशी आणि घरातील जमीन यांना टवके पडू देत नाही. तलावावर शिकवणारे काही व्यवस्थापक याच कारणासाठी बुटाशिवाय टाकी आत घेऊ देत नाहीत, आणि त्यांची ही अट रास्त आहे.
- बाह्य कड षट्कोनी किंवा चपट्या बाजूंची असल्यास आडवी ठेवलेली टाकी घरंगळू देत नाही.
- पोलादी टाकीच्या तळावरील रंग व जस्ताचा लेप वाळूच्या आणि खडकाच्या घर्षणापासून वाचवतो.

यांतील चौथी बाब पोलादाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण जस्ताचा लेप गेला की गंजाला वाट मोकळी होते. अ‍ॅल्युमिनियमच्या जाड तळास एखादा ओरखडा पडल्याने सहसा काही बिघडत नाही.

आता बूट जे काम करीत नाही, ते अधिक ध्यानात ठेवावयाचे. बूट बसवलेली टाकी स्थिर झाली अशी जी समजूत पसरलेली आहे, ती सर्वस्वी खोटी होय. हवेने भरलेली ‘ऐंशी’ झडपेसह १७ किलोंच्या आसपास भरते, तिचा आधार अवघा वीतभर रुंद आणि उंची मात्र दोन फुटांहून अधिक. हलत्या होडीत तर राहोच, पण सपाट धक्क्यावरही कोणाचा पाय लागला की ती कोसळते. ती कोणाच्या पावलावर कोसळते किंवा झडपेवर आपटते, हा केवळ दैवाचा भाग. भरल्या टाकीची झडप तुटली तर आतील हवा ज्या वेगाने बाहेर पडते, त्या वेगाने टाकी स्वतःच अस्त्र बनते. म्हणून हात सोडायचा झाला की टाकी आडवी ठेवावी, किंवा रॅकमध्ये पट्ट्याने बांधावी, हा नियम बूट असला तरी तितकाच सक्तीचा आहे. मालवणच्या किनाऱ्यावरील लहान फायबर होड्यांत टाक्या आडव्याच नेणे श्रेयस्कर. आणि ज्या मोठ्या बोटीत प्रत्येक टाकीसाठी स्वतंत्र खोबण असते, तेथे अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीस बुटाची गरज उरत नाही, उलट बुटामुळे ती खोबणीत बसेनाशी होण्याचाच संभव.

बुटाखाली काय घडते

स्वयंपाकघरातील गॅसच्या सिलिंडरखाली फरशीवर उमटणारे गंजाचे कडे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेथे तर खालच्या कड्याला हवा खेळती राहावी म्हणून भोके असतात, पाणी गोडे असते आणि सिलिंडर काही आठवड्यांत बदलून जातो. पाणबुड्याची टाकी खाऱ्या पाण्यात बुडते, बूट तिला घट्ट कवटाळून असतो, आणि मालक एकच असल्याने ती वर्षानुवर्षे त्याच बुटात उभी असते. टाकीवर वरून गोडे पाणी ओतून आपण ती धुतली असे समजतो, पण ते पाणी बूट व धातू यांमधील फटीत पोहोचतच नाही. तेथे समुद्राचे पाणी अडकते, हळूहळू आटते आणि मीठ मागे ठेवते. हे मीठ पुन्हा कोरडे राहील ही आशा कोकणात व्यर्थ आहे, कारण हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतील ओल शोषून पाझरू लागते, आणि समुद्रातील मिश्र क्षार त्याहून कमी आर्द्रतेतच पाझरतात. परिणामी बुटाखालचा धातू टाकी पाण्याबाहेर असतानाही खारट ओलीत बुडालेला राहतो.

त्यात आणखी एक गोष्ट घडते. फटीतील पाण्यात प्राणवायू लवकर संपतो, बाहेरील उघड्या धातूवर तो मुबलक असतो, आणि या विषमतेमुळे झाकलेला भागच झिजू लागतो. ही झीज सर्वत्र सारखी होत नसते; ती ठिपक्याठिपक्यांनी खोल जाते. पोलादावर ती तांबूस खड्ड्यांच्या रूपाने दिसते. अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमते, आणि ती पुसली की खाली बारीक खड्डे दिसतात. या धातूवर स्वाभाविकपणे असणारे संरक्षक पटल क्षाराच्या साचलेल्या पाण्यात ठिकठिकाणी फुटते, म्हणून ‘अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही’ या भरवशावर कोणी राहू नये. खड्ड्याची खोली ठराविक मर्यादेपलीकडे गेली की तपासनीस टाकी नामंजूर करतो, आणि एरवी कित्येक वर्षे चालली असती अशी टाकी भंगारात जाते.

एवढे वाचून बूट हा टाकीचा शत्रूच आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पाणी वाहून जाईल असा बूट आणि तो काढून धुण्याची सवय, या दोहोंमुळे पोलादी टाकी दीर्घकाळ उत्तम राहते. नाश करतो तो बसवून विसरलेला बूट.

बूट घ्यावयाचा झाल्यास

मापाविषयी आधी खातरजमा करावी. अ‍ॅल्युमिनियमच्या ‘ऐंशी’साठी १८४ मिलिमीटरचा, १२ लिटरच्या उंच पोलादी टाकीसाठी १७१ मिलिमीटरचा आणि त्याच धारणेच्या बुटक्या टाकीसाठी २०३ मिलिमीटरचा बूट लागतो, नुसते ‘बारा लिटरचा द्या’ असे सांगून चालत नाही. गोल तळाचा बूट व सपाट तळाचा बूट हेही आतून भिन्न असतात. त्यानंतर पुढील बाबी पाहाव्यात:

- बुटाच्या आतील भिंतीस उभे उंचवटे किंवा चर असावेत, म्हणजे धातू व बूट यांमध्ये पाण्याला वाट राहते.
- तळाला निचऱ्याची भोके असावीत, आणि ती टाकी बसवल्यावर तळाने बंद होत नाहीत हे प्रत्यक्ष पाहावे.
- हाताच्या जोराने, थोड्या कष्टाने का होईना, बूट निघाला पाहिजे. न निघणारा घट्ट बूट ‘मजबूत’ म्हणून विकला जातो. तो घेऊ नये.
- चिकट द्रव्य लावून बूट पक्का करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये.

टाकीच्या अंगावर चढवण्याची नायलॉनची जाळीही याच दुकानांत मिळते. ती रंग वाचवते, आणि मीठही धरून ठेवते. तीस हाच न्याय लावावा.

काढण्याची आणि घालण्याची रीत

हे काम महिन्यातून एकदा, आणि सतत खाऱ्या पाण्यात उतरणे होत असेल तर त्याहून लवकर करावे.

१. झडप किंचित उघडून टाकीतील दाब सावकाश उतरवावा. पूर्ण भरलेल्या टाकीवर ठोकाठोकी करू नये. टाकी पार रिकामीही करू नये, कारण झडप उघडी राहिल्यास आत दमट हवा शिरते.

२. टाकीचा तळ साबणाच्या कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवावा. जुना रबरी बूट मिठाने धरलेला असेल तर गोड्या पाण्यात रात्रभर ठेवल्यास बहुधा सुटतो.

३. टाकी सतरंजीवर आडवी घालून बूट दोन्ही हातांनी थोडा थोडा फिरवीत ओढावा. गरज पडल्यास रबरी हातोडीने कडेवर हलके ठोके द्यावेत. पेचकस, छिन्नी किंवा चाकू धातू व बूट यांमध्ये खुपसू नये, कारण त्याने पडलेला ओरखडाही तपासणीत दोष म्हणून मोजला जातो.

४. ज्योत किंवा गरम हवेचे यंत्र बुटाला मुळीच लावू नये. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ताकद उष्णतेने कमी होते आणि ही हानी डोळ्यांना दिसत नाही.

५. तळ व बूट दोन्ही गोड्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावेत, पूर्ण वाळू द्यावेत, आणि चांगल्या प्रकाशात तळ निरखून पाहावा.

६. खड्डे, फुगलेला रंग किंवा भेगेसारखी रेघ दिसल्यास ती घासून, रंग लावून झाकू नये. टाकी तशीच तपासनीसाकडे न्यावी. तारेचा ब्रश व आम्ल यांचा घरगुती प्रयोग तर सर्वथा वर्ज्य.

७. पुन्हा घालताना बूट कोमट पाण्यातून काढून जमिनीवर ठेवावा आणि टाकी त्यात दाबून बसवावी. टाकी उचलून बुटात आदळण्याची जी घाईची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती टाळावी.

बूट नको असे प्रसंग

पाण्याखालील गुहा, बुडालेल्या जहाजांचे अंतर्भाग आणि जुन्या मासेमारी जाळ्यांनी वेढलेले खडक येथे जाणाऱ्याने बूट काढावा. बुटाच्या कडेखाली दोर किंवा जाळ्याचा धागा सरकून अडकतो, तो नेमका आपल्या पाठीमागे व हाताच्या पल्ल्याबाहेर. गुहांत उतरणारे अनुभवी लोक या बाबतीत कोणतीही सवलत घेत नाहीत. सामान्य प्रवाळखडकांवर फिरणाऱ्यास हा धोका अल्प आहे.

वजनाविषयीही विचारणा होते. बुटाचे वजन काही शे ग्रॅम, पाण्यात तर त्याहूनही कमी भरते, तेव्हा कमरेच्या शिशाच्या हिशोबात त्याने लक्षणीय फरक पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमची ‘ऐंशी’ हवा संपत आली की तळाकडून वर उचलली जाते खरी, पण त्यावर बूट हा उपाय नव्हे. शिशाची मांडणी बदलावी.

पावसाळ्याची साठवण

कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र बंद असतो, आणि टाकीचा नाश बव्हंशी याच चार महिन्यांत, तिला कोणी हात लावत नसताना होतो. हंगाम संपताच बूट आणि जाळी दोन्ही काढून वेगळी ठेवावीत. टाकी गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, २०-३० बार एवढाच दाब आत ठेवून, घरातील कोरड्या जागी, थेट फरशीऐवजी लाकडी फळीवर उभी करून भिंतीस पट्ट्याने बांधावी. उभी ठेवण्याचे कारण असे की आत चुकून ओल राहिली असल्यास ती तळाच्या जाड भागात साचते, पातळ भिंतीवर पसरत नाही. गोल तळाची टाकी बुटाशिवाय उभी राहणार नाही. तिच्यासाठी लाकडी चौकटीची घडवंची कोणताही सुतार करून देईल, आणि तेही न जमल्यास धुतलेला, वाळलेला बूट घालून दर पंधरवड्यास काढून पाहावा.

तपासणी, दाखला आणि कायदा

डोळ्यांनी करावयाची तपासणी असो वा पाण्याच्या दाबाखालील चाचणी असो, बूट आधी काढलाच पाहिजे. बूट ठेवून तपासनीसास तळ दिसत नाही, आणि पाण्याच्या चाचणीत टाकी किती फुगते याचे जे मोजमाप घेतात, ते बुटाखाली अडकलेल्या हवेमुळे चुकते. बूट न काढता दाखला देणाऱ्याचा दाखला कागदापुरताच समजावा.

मुदती देशोदेशी निरनिराळ्या आहेत. अमेरिकेत दाबचाचणी दर ५ वर्षांनी, व डोळ्यांनी करावयाची तपासणी व्यवसायाच्या रूढीनुसार दरवर्षी होते. ब्रिटनमध्ये दाबचाचणी ५ वर्षांनी आणि मधली तपासणी अडीच वर्षांनी. ऑस्ट्रेलियात दाबचाचणीच दरवर्षी. भारतात ही बाब विस्फोटक अधिनियम, १८८४ खालील गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांच्या कक्षेत येते, आणि त्यांची अंमलबजावणी ज्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे, म्हणजे ‘पेसो’कडे आहे, तिचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. चाचणीची मुदत टळलेला सिलिंडर भरण्यास या नियमांनी मनाई केली आहे, आणि सिलिंडर घसरवणे, आपटणे यांसही. परदेशातून परतताना स्वतःची टाकी बरोबर आणण्याचा बेत असल्यास, ती येथे आणण्यास व भरून घेण्यास मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता लागते काय, याची लेखी विचारणा निघण्यापूर्वीच करावी. बंदरात माल अडकल्यावर केलेली विनवणी उपयोगी पडत नाही.

विकत घेताना व भाड्याने घेताना आपले हक्क

जुनी टाकी विकत घेताना पैसे देण्याआधी बूट काढून दाखवण्याची मागणी करावी. ‘तो निघत नाही’ असे उत्तर आल्यास तेवढ्या कारणावरून व्यवहार सोडण्यास हरकत नाही, कारण न निघणाऱ्या बुटाखाली काय आहे हे विक्रेत्यालाही ठाऊक नाही, किंवा चांगले ठाऊक आहे. १९८८ पूर्वीची अ‍ॅल्युमिनियमची टाकी तळ कितीही स्वच्छ असला तरी घेऊ नये. त्या काळातील पुष्कळ टाक्या ज्या ६३५१ क्रमांकाच्या मिश्रधातूच्या होत्या, त्याला मानेशी भेगा जाण्याचा दोष आढळला आहे.

भाड्याच्या टाकीचा बूट काढून पाहणे पर्यटकास शक्य नसते, आणि तशी अपेक्षाही नाही. मात्र पुढील गोष्टी मागण्याचा आपणास पूर्ण हक्क आहे:

- खांद्यावर कोरलेली शेवटच्या चाचणीची तारीख, महिना व वर्ष, वाचून दाखवणे. रंगाचे थर देऊन ती बुजवलेली असल्यास दुसरी टाकी मागावी.
- बुटाच्या कडेने तांबूस ओघळ किंवा पांढरी भुकटी दिसत असल्यास टाकी बदलून मिळणे.
- उतरण्यापूर्वी दाबमापकावरील आकडा स्वतः पाहणे.
- पैसे भरल्याची पावती.

टाकी बदलून देण्यास नकार मिळाला तर न उतरता पैसे परत मागावेत. तेही न मिळाल्यास पावती व टाकीचे छायाचित्र जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी; ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. छायाचित्र घेताना खांद्यावरील अनुक्रमांक, चाचणीची तारीख आणि बुटाची कड या तिन्ही गोष्टी स्पष्ट येतील असे घ्यावे.